भाडेकरूला घर सोडायची नोटीस कशी द्यायची? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

माझा कोथरूडचा वन बीएचके गेली बरीच वर्षं भाड्याने जातोय. त्यातून एकदा चांगलीच फजिती झाली आणि तेव्हापासून सोसायटीतले, ओळखीतले सगळे नोटिशीचं काही निघालं की मलाच फोन करतात. मी वकील नाही. पण तेच तेच प्रश्न इतक्यांदा आलेत की एकदा लिहूनच टाकते. हे सगळं महाराष्ट्रापुरतं आहे, गोव्यात १९६८ चा वेगळा कायदा आहे आणि तिथे प्रकरण रेंट कंट्रोलरकडे जातं, त्यामुळे म्हापशात फ्लॅट असणाऱ्यांनी हे वाचून तिथे नोटीस पाठवू नये.

भाडेकरूला किती दिवसांची नोटीस द्यावी लागते?

सगळे इथूनच सुरू करतात, पण त्याच्या आधीचा प्रश्न आहे की तुमच्या घरात राहतोय तो नक्की कोण? बोलताना आपण सगळ्यांनाच भाडेकरू म्हणतो, पण कायद्यात तीन वेगळ्या जाती आहेत.

पहिला, लिव्ह अँड लायसन्सवाला. अकरा महिने, बावीस महिने, तीन वर्षं, असं रजिस्टर केलेलं ॲग्रीमेंट असतं तो. पुण्या-मुंबईतले आजचे बहुतेक फ्लॅट यातच येतात. हा कायद्याने भाडेकरू नाहीच, तो परवानाधारक, म्हणजे तुमच्या परवानगीने ठराविक मुदत राहणारा माणूस. याच्यासाठी ॲग्रीमेंटमध्ये लिहिलेली नोटीस, बहुतेक वेळा एक महिना.

दुसरा, खरा भाडेकरू. जुने वाडे, चाळी, पागडी, आजोबांच्या काळापासून भाडेपावती फाडली जाते तो. याला महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चं संरक्षण आहे (कायदा १९९९ चा, लागू झाला ३१ मार्च २००० पासून). याला 'महिन्याभरात निघा' अशी नोटीस देऊन काहीही होत नाही, त्याच्यासाठी कायद्यात दिलेलं कारण लागतं आणि कोर्ट लागतं.

तिसरा, ज्याला भाडे नियंत्रण कायदा लागूच होत नाही असा. उदाहरणार्थ बँका, सरकारी कंपन्या, किंवा एक कोटी आणि त्याहून जास्त भरणा भांडवल (पेड-अप कॅपिटल) असलेल्या कंपन्या. यांचं भाडं महिन्या-महिन्याचं असेल तर मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ च्या कलम १०६ प्रमाणे १५ दिवसांची नोटीस. नेटवर जे '१५ दिवसांची नोटीस पुरते' असं दिसतं ते मूळ इथलं आहे, आणि ते वाचून लोक चाळीतल्या भाडेकरूला पाठवतात!

तर कपाट उघडा, ॲग्रीमेंट काढा, आणि आधी बघा आपण कुठल्या खान्यात आहोत. पुढचे बरेचसे प्रश्न पहिल्या प्रकाराचे आहेत कारण विचारणारे तेच जास्त.

ॲग्रीमेंटची मुदतच संपतेय, मग नोटीस कशाला?

बरोबर आहे, मुदत संपली की परवाना आपोआप संपतो. त्यासाठी वेगळी नोटीस लागतेच असं नाही, ॲग्रीमेंटमध्ये तशी अट असेल तर मात्र लागते. पण मी म्हणेन तरी द्या. कारण बहुतेक ठिकाणी रिन्यूअल तोंडी चाललेलं असतं, 'काकू, पुढचं पण करू ना' 'हो हो बघू', आणि समोरचा त्या 'बघू'ला होकार समजून बसलेला असतो. मुदत संपायच्या दीड-दोन महिने आधी एक साधं पत्र गेलं की त्याला घर शोधायला वेळ मिळतो आणि तुमच्या हातात कागद राहतो.

मुदतीच्या मधेच घर रिकामं हवं असेल तर?

ॲग्रीमेंटमधला दोन ओळींचा खेळ आहे. एक, मालकाला मधेच नोटीस देऊन परवाना रद्द करता येईल असं लिहिलंय का. दोन, लॉक-इन, म्हणजे ज्या काळात करार मधेच मोडता येत नाही अशी अट, आहे का आणि तो कोणावर आहे. लॉक-इन फक्त राहणाऱ्यावर असतो असा मालकांचा गोड समज असतो, पण वाचलं तर पुष्कळदा 'दोन्ही पक्ष' असं लिहिलेलं असतं. तसं असेल तर सहा महिन्यांच्या लॉक-इनमध्ये चौथ्या महिन्यात तुम्हाला घर विकायची लहर आली तरी थांबावं लागेल, नाहीतर समोरच्याशी बोलून काहीतरी देऊन-घेऊन मिटवावं लागेल. शिफ्टिंगचा टेम्पो आणि नवीन घराची दलाली एवढे पैसे देऊ केले की बरेच लोक तयार होतात, हा माझा अनुभव. कोर्टापेक्षा स्वस्त पडतं.

एक महिना कुठल्या दिवसापासून मोजायचा?

इथेच माझी फजिती झाली होती म्हणून जरा सविस्तर सांगते.

माझं ॲग्रीमेंट १४ ऑक्टोबरला संपत होतं आणि त्यात एक महिन्याच्या लेखी नोटिशीची अट होती. मी हुशारी करून १३ सप्टेंबरला पत्र पोस्टात टाकलं, मनात हिशोब की झाला महिना. गणपती जवळ आलेले. पोस्टमन गेला तोवर ती मंडळी कुलूप लावून कोकणात गेलेली. आठवड्याभराने पाकीट माझ्याच दारात परत, एका कोपऱ्यात पोस्टमनने पेनाने लिहिलेलं 'घर बंद' आणि खाली दोन तारखा, त्यातली दुसरी १४ सप्टेंबरच्या बरीच पुढची. ती तारीख बघून पोटात गोळाच आला. त्यात एजंटने ॲग्रीमेंटमध्ये एका पानावर मुदत १४ ऑक्टोबर आणि दुसऱ्या पानावर १५ ऑक्टोबर टाइप केलेली, सही करताना मी पण वाचली नव्हती.

माझी माणसं सरळ होती म्हणून निभावलं, ते परत आल्यावर हातात पत्र दिलं आणि त्यांनी ऑक्टोबरअखेर घर सोडलं. पण धडा असा की नोटीस तुम्ही कधी टाकली याला अर्थ नाही, त्याला कधी मिळाली ते बघतात. कलम १०६ मध्ये तर तसं स्पष्टच आहे, मिळाल्याच्या तारखेपासून मुदत मोजायची. त्यामुळे पंधरा-वीस दिवस हातचे ठेवा, सणवार आणि मे महिन्याची सुट्टी बघून टाका, आणि नोटिशीत 'पत्र मिळाल्यापासून एक महिना' एवढंच न लिहिता नेमकी तारीखसुद्धा घाला.

व्हॉट्सॲपवर सांगितलं तर चालतं का?

२०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका वसुलीच्या प्रकरणात व्हॉट्सॲपवर गेलेल्या पीडीएफ नोटिशीच्या निळ्या टिका ग्राह्य धरल्या होत्या, तेव्हापासून लोकांना वाटतं झालं, आता कागद नको. पण ते कोर्टात चालू असलेलं प्रकरण होतं. तुमच्या ॲग्रीमेंटमध्ये 'लेखी नोटीस' लिहिलं असेल तर व्हॉट्सॲप जोडीला ठेवा, त्याच्या जागी नको. मी तिन्ही करते. हातात एक प्रत देऊन दुसऱ्या प्रतीवर 'मिळाली', सही, तारीख. एक स्पीड पोस्टाने. आणि त्याच पत्राचा फोटो व्हॉट्सॲपवर.

रजिस्टर्ड एडी आता शोधू नका, २०२५ मध्ये पोस्टाने रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टात विलीन केलं. काउंटरवर रजिस्ट्रेशन आणि पोहोच या दोन्ही सोयी मागून घ्या, पावती जपून ठेवा, आणि ट्रॅकिंगमध्ये 'डिलिव्हर्ड' आलं की लगेच स्क्रीनशॉट काढा.

त्याने पत्र घेतलंच नाही तर?

घाबरायचं नाही. बरोबर पत्त्यावर, पैसे भरून, रजिस्टर्ड पाठवलेलं पत्र पोचलं असं कायदा धरून चालतो (सामान्य वाक्खंड अधिनियम १८९७, कलम २७) आणि पाकिटावर 'घेण्यास नकार' असा शेरा आला तर ते बहुधा तुमच्याच फायद्याचं असतं. परत आलेलं पाकीट उघडायचं नाही! लोक उत्सुकतेने फोडतात. ते बंद पाकीट, त्यावरचा शिक्का आणि पोस्टमनचा शेरा हाच तुमचा पुरावा. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०६ मध्ये घरातल्या माणसाच्या हातात देणं आणि तेही जमत नसेल तर घराच्या ठळक जागी चिकटवणं हे पण मान्य आहे. चिकटवलीत तर शेजारचे दोघं साक्षीला घ्या आणि फोटोत दारावरचा फ्लॅट नंबर येऊ द्या.

नोटिशीत काय काय लिहायचं? वकिलाकडूनच हवी का?

वकील सक्तीचा नाही, तुम्ही स्वतः सही करून दिली तरी चालते. लिव्ह अँड लायसन्ससाठी एवढं पुरतं:

प्रति, श्री. …, फ्लॅट नं. …, पुणे.
विषय : दि. … च्या लिव्ह अँड लायसन्स कराराची मुदत संपत असल्याबाबत.
आपल्यातील दस्त क्र. … चा करार दि. … रोजी संपत आहे. त्यानंतर मी तो पुढे वाढवणार नाही. तरी आपण दि. … रोजी सायंकाळी ५ पर्यंत घर रिकामं करून चाव्या माझ्या ताब्यात द्याव्यात. त्या वेळी मीटर रीडिंग व सामानाची यादी दोघांनी मिळून तपासू आणि करारातील अटींप्रमाणे वजावट करून डिपॉझिट परत करण्यात येईल. मुदतीनंतर घर ताब्यात न दिल्यास कायद्याप्रमाणे भरपाई देण्यास आपण जबाबदार राहाल, याची नोंद घ्यावी.
सही, तारीख.

दस्त क्रमांक इंडेक्स टू वर, म्हणजे करार रजिस्टर झाल्यावर मिळणाऱ्या नोंदणीच्या उताऱ्यावर मिळतो. मुदत संपतेय त्या केसमध्ये कारण लिहायची गरज नाही, उलट कारण लिहिलं की वाद घालायला जागा मिळते, 'मुलगा येणार म्हणालात, आला कुठे?' वगैरे. आणि करार दोघांच्या नावाचा असेल, नवरा-बायको किंवा चार मित्र, तर नोटिशीत सगळ्यांची नावं. ॲग्रीमेंटवर मालक म्हणून तुमच्यासोबत बहिणीचं नाव असेल तर तिचीही सही घ्या. मालक अमेरिकेत असेल तर ज्याच्या नावे कुलमुखत्यारपत्र आहे त्याने सही करायची, नुसतं 'दादाने फोनवर सांगितलंय' चालत नाही.

नोटीस दिल्यावर भाडं घ्यायचं की नाही?

मुदतीच्या आतलं भाडं बिनधास्त घ्या, तो हक्कच आहे. मुदत उलटल्यानंतरचं मात्र सांभाळून. तुम्ही निमूटपणे दर महिन्याला जीपेवर भाडं घेत राहिलात तर समोरचा म्हणू शकतो की नोटीस तुम्हीच सोडून दिली, आणि खऱ्या भाडेपट्ट्याच्या बाबतीत मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ११३ मध्ये तशी तरतूदच आहे. पैसे आले तर त्याच दिवशी मेसेज टाका की ही रक्कम घराच्या वापराची भरपाई म्हणून घेतली, नोटीस कायम आहे, नवीन करार झालेला नाही. आणि त्या महिन्यात 'भाडे मिळाले' अशी पावती देऊ नका.

मुदत संपली, नोटीस दिली, तरी जात नाहीये. आता?

१९९९ च्या कायद्याचं कलम २४ याच्यासाठीच आहे. राहण्यासाठी दिलेलं घर मुदत संपूनही सोडलं नाही तर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा प्रकरणांसाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे अर्ज करू शकतो, साध्या दिवाणी कोर्टात जावं लागत नाही. प्राधिकाऱ्याचं समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत समोरच्याने प्रतिज्ञापत्र देऊन बाजू मांडायची परवानगी मागायची असते, नाही मागितली तर तुमचं म्हणणं मान्य धरून आदेश होतो. त्या आदेशावर अपील नाही, फक्त ९० दिवसांत रिव्हिजन, म्हणजे आदेशाच्या फेरतपासणीचा अर्ज. आणि मुदत संपल्यापासून ताबा देईपर्यंत दुप्पट दराने भरपाई. बावीस हजार भाडं असेल तर महिन्याला चव्वेचाळीस हजार. हा आकडा नोटिशीत नुसता मांडला तरी बरेचजण टेम्पो शोधायला लागतात.

यात महत्त्वाचं म्हणजे लेखी लायसन्स करार हा त्यातल्या मजकुराचा निर्णायक पुरावा मानला जातो. उलट करार रजिस्टर नसेल तर कलम ५५ आडवं येतं. रजिस्टर करायची जबाबदारी मालकाची, न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि अटींबद्दल राहणारा म्हणेल ते खरं धरलं जातं, तुम्ही उलट सिद्ध करेपर्यंत. पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर नोटरी करून आलेले लोक इथे अडकतात. अकरा महिन्यांचा करार रजिस्टर करायला लागत नाही हा देशभर फिरणारा सल्ला आपल्याकडे लागू नाही, महाराष्ट्रात अकरा महिन्यांचाही करावाच लागतो.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. कलम २४ राहत्या घरापुरतं आहे, दुकान-ऑफिस लायसन्सवर दिलं असेल तर कोर्टाचा वेगळा रस्ता. आणि पागडीच्या खोलीत स्वतः भाडेकरू असलेल्याने ती खोली पुढे लायसन्सवर दिली असेल तर त्याला मालक म्हणून हे कलम वापरता येत नाही.

कुलूप बदलू का? लाइट-पाणी तोडू का?

नाही. नाही. आणि सोसायटीच्या वॉचमनला सांगून लिफ्ट पण बंद करायची नाही. हे विचारणारे चिडलेले असतात ते समजतं, पण अत्यावश्यक सोयी तोडणं भाडे नियंत्रण कायद्यानेच (कलम २९) मना केलंय, आणि जबरदस्तीने बाहेर काढलेला माणूस स्पेसिफिक रिलीफ ॲक्टच्या कलम ६ खाली सहा महिन्यांत दावा लावून पुन्हा आत येऊ शकतो, तिथे मालकी कोणाची हे बघतच नाहीत. म्हणजे तुमची बाजू खरी असून तुम्हीच आरोपी. पोलीसही बहुतेक वेळा 'हे दिवाणी आहे' म्हणून हात वर करतात.

खूप वर्षं राहिला तर घर त्याच्या नावावर होतं ना? बारा वर्षं?

नाही होत. बारा वर्षांचा नियम मालकाच्या हक्काला नाकारून, उघडपणे कब्जा करणाऱ्यासाठी आहे. जो तुमच्या परवानगीने, तुम्हाला पैसे देऊन राहतोय त्याचा कब्जा तसा नाही. ही भीती आली कुठून, तर १ फेब्रुवारी १९७३ ला चालू असलेल्या करारावर जे लायसन्सी राहत होते त्यांना तेव्हाच्या मुंबई भाडे कायद्यातल्या दुरुस्तीने एका झटक्यात भाडेकरू केलं. त्या पिढीतल्या मालकांनी घरं गमावल्यासारखीच झाली, म्हणून आमच्याकडे अजून म्हातारी माणसं 'फ्लॅट रिकामा ठेव पण भाड्याने देऊ नकोस' म्हणतात. आजच्या रजिस्टर्ड लायसन्सला ते लागू नाही.

आमचा जुना वाडा आहे, भाडेकरू महिना नव्वद रुपये देतो. त्याला कशी नोटीस देऊ?

इथे मी एवढंच सांगते की वकील करा, नीट करा, कारण चुकीच्या नोटिशीवर दावा उभा केला तर वर्षं जातात. साधारण कल्पना अशी की तो भाडं देतोय आणि बाकी अटी पाळतोय तोवर त्याला सहसा काढता येत नाही. भाडं थकवलं असेल तर आधी लेखी मागणीची नोटीस, मग ९० दिवस थांबायचं, मग दावा. त्यातही समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत त्याने थकबाकी १५ टक्के सरळ व्याजासह भरली आणि पुढेही भरत राहिला तर घर तुमच्या ताब्यात येत नाही. बाकी कारणं १९९९ च्या कायद्याच्या कलम १६ मध्ये आहेत. स्वतःला खरोखर गरज, पोटभाडेकरू घातला, न विचारता पक्कं बांधकाम केलं, सहा महिने विनाकारण जागा वापरलीच नाही, शेजाऱ्यांना उपद्रव, अशी. गरजेच्या कारणात कोर्ट हेही बघतं की हाल जास्त कोणाचे होणार, तुमचे की त्याचे. आणि स्वतःला हवं म्हणून घर सोडवून घेतलं आणि वर्षाच्या आत दुसऱ्याला दिलं तर जुना भाडेकरू परत मागू शकतो.

नवीन नियमाने दोनच महिन्यांचं डिपॉझिट आणि भाड्याचं लवाद कोर्ट आलंय म्हणे?

तो फॉरवर्ड मलाही रोज येतो. ते आदर्श भाडे कायद्यातलं आहे, केंद्रीय मंत्रिमंडळाने २ जून २०२१ ला मंजूर केलेला नमुना. नमुना, म्हणजे राज्याने स्वीकारला तरच लागू. आपल्याकडे १९९९ चाच कायदा चालतो.

तो म्हणतो मुलाची परीक्षा आहे, दोन महिने द्या.

द्या की, शक्य असेल तर. मार्चमध्ये दहावीच्या मुलाला घर बदलायला लावून काय मिळवणार. फक्त त्याच्याकडून सहीचं पत्र घ्या की करार अमुक तारखेला संपला हे मान्य आहे आणि अमुक तारखेला चावी देतो. दोनाचे सहा महिने व्हायला लागले तर सरळ नवा करार रजिस्टर करा, तोंडी लांबवू नका.

डिपॉझिट आधी की चावी आधी?

माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या सात भांडणांचं मूळ हेच, नोटीस नुसतं निमित्त. तो म्हणतो डिपॉझिट द्या मग सोडतो, तुम्ही म्हणता सोडा मग देतो, आणि दोघंही खरं म्हणजे एकमेकांना घाबरलेले असतात. एकाच वेळी करा. सामान टेम्पोत चढलं की रिकाम्या घरात दोघं उभे राहा, महावितरणच्या मीटरचा फोटो काढा, गॅसची जोडणी असेल तर तेही रीडिंग, गीझर-पंखे चालू करून बघा, सोसायटीचं देणं बघा, वजावट कागदावर मांडा, आणि तिथल्या तिथे मोबाईलवरून पैसे ट्रान्सफर करून एका हाताने चाव्या घ्या. किती चाव्या दिल्या होत्या ते ॲग्रीमेंटमध्ये लिहिलेलं असतं, मोजून घ्या. भिंतीला खिळे पडले म्हणून संपूर्ण घराचा रंग त्याच्या डिपॉझिटमधून काढायचा नाही, तीन वर्षं राहिल्यावर रंग जाणारच.

ताबा मिळाल्याचं एक पत्र दोन प्रतींत करा, दोघांच्या सह्या घ्या, आणि सोसायटीच्या ऑफिसला त्याच दिवशी कळवा. नाहीतर पार्किंगचा स्टिकर जुन्याच्याच गाडीवर राहतो आणि नवीन माणूस पहिल्याच दिवशी वॉचमनशी भांडून तुम्हाला फोन करतो.